अलास्का क्रूझ, सप्टेंबर: रात्री जेवायला नेमकं काय घालायचं?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सिअ‍ॅटलहून ७ रात्रींच्या अलास्का क्रूझला चाललोय. मी, नवरा, १४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७१). केचिकन, जुनो, स्कॅग्वे, मग एक अख्खा दिवस ग्लेशियर बे (हिमनद्यांचं नॅशनल पार्क) आणि परत येताना शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरिया असा मार्ग आहे.

दिवसाच्या कपड्यांचं माझं ठरलंय. रेनकोट, आत फ्लीस, त्याच्या आत मेरिनो लोकरीचा टी-शर्ट, पायात वॉटरप्रूफ बूट, टोपी, हातमोजे. त्यावर इतकं वाचलंय की आता कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. घोडं अडलंय ते रात्रीच्या जेवणापाशी.

बुकिंगमध्ये दोन फॉर्मल नाइट्स, म्हणजे जेवायला नटून जायच्या रात्री, लिहिल्यात, बाकी सगळ्या रात्री स्मार्ट कॅज्युअल, म्हणजे साधं पण नीटनेटकं. मी आजवर एकच क्रूझ केलीय आणि ती गरम हवेतली होती, तिथे पातळ लांब ड्रेस, सँडल, झालं. तोच ड्रेस इथे नेला तर मी गारठेन का? की आत थर्मल घालून वरून तो घालायचा? बाहेर १० अंश आणि आत उघड्या दंडांनी बसायचं हे काही केल्या डोळ्यासमोर येत नाहीये. सासूबाईंना तर घरात पंखा एकवर असला तरी गारवा बोचतो, त्यांचं काय करू? मुलाकडे फक्त हुडी आहेत. आणि माणशी एकच बॅग न्यायची असं नवऱ्याने बजावून सांगितलंय, त्यात दिवसाच्या जाड कपड्यांनीच अर्धी जागा खाल्लीय.

ज्यांनी थंड हवेतली क्रूझ केलीय त्यांनी प्लीज स्वतः काय घातलं ते सांगा. बोटीच्या वेबसाइटवर जे फोटो आहेत त्यात सगळ्या बायका बिनबाह्यांच्या गाउनमध्ये हसतायत, त्यावरून काहीच कळत नाही.

---

डेकवरची_खुर्ची

निळी_शाई, सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. डायनिंग रूममध्ये अलास्का नसतं. आत हवा सारखी एकाच तापमानाला ठेवलेली असते, गरम हवेतल्या क्रूझवर जेवढी असते साधारण तेवढीच. थंडी असते ती डेकवर. जेवणाचे कपडे थंडीसाठी घ्यायचेच नाहीत, ते जेवणासाठी घ्यायचे आणि थंडीसाठी वरून एक काहीतरी.

हे मी पहिल्या वेळी चुकून शिकले म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय. पहिल्या फॉर्मल नाइटला मी पूर्ण बाह्यांचा लोकरीचा ड्रेस घातला, आत थर्मलचा वरचा-खालचा पूर्ण जोड, पायात जाड टाइट्स. सूप येईपर्यंत छान वाटत होतं. मग मानेवरून घाम ओघळायला लागला, गाल तापले, पाठीला ड्रेस चिकटला, आणि थर्मल ही वस्तू अशी आहे की टेबलावर बसल्या बसल्या काढता येत नाही. मुख्य जेवण टेबलावर ठेवून मी केबिनमध्ये गेले, सगळं उतरवलं, दुसरं काहीतरी घातलं, परत येईपर्यंत आमच्या टेबलाचं गोडसुद्धा आवरलं होतं. नवरा एकटा बसला होता. त्या रात्रीचं मला अजून वाईट वाटतं, कारण ती आमच्या लग्नाच्या २५व्या वाढदिवसाची रात्र होती.

तेव्हापासून माझा एकच नियम, जे चारचौघांत काढता येतं तेच अंगावर वाढवायचं. आत नाही, वर. तुमचा तो पातळ लांब ड्रेस खुशाल न्या. त्यावर एक चांगली लोकरीची किंवा पश्मिन्याची मोठी शाल घ्या, खांद्यावरून घेतली तर ऊब, खुर्चीच्या पाठीवर टाकली तरी शोभून दिसते. ड्रेस काळा किंवा गडद निळा असेल तर सोन्याहून पिवळं, एक रात्र शाल, दुसऱ्या रात्री छोटं मखमली जॅकेट, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही की ड्रेस तोच आहे. फक्त पायांना गार लागतं हे खरं, तर ८० डेनियरच्या, म्हणजे जरा जाड, काळ्या टाइट्स आत घाला, लांब ड्रेसच्या खाली दिसतही नाहीत. आणि हो, अस्तर असलेला ड्रेस बघा. बोटीतली हवा कोरडी असते आणि टाइट्सवर सिंथेटिक कापड असं काही चिकटतं की चालताना दर चार पावलांनी ओढून सोडवावं लागतं.

आता दुसरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. जेवताना तुम्ही आतच राहाल याची काही खात्री नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तो जून होता, जुनोला तेव्हा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेआठला जेवताना बाहेर लख्ख उजेड. शेजारच्या टेबलावरचा माणूस हातात काटा तसाच धरून उभा राहिला आणि नुसतं बाहेर बोट दाखवलं, पाण्यातून पांढरा फवारा वर उडाला होता, मग अजून एक. हंपबॅक देवमासे. निम्मी डायनिंग रूम बाहेरच्या डेकवर धावली आणि मीही धावले, नुसत्या सिल्कच्या टॉपवर. हवा १०-११ अंश असेल, पण बोट १८-२० नॉटने चाललेली असली की समोरून ताशी ३५ किलोमीटरचा वारा आपोआप अंगावर येतो, तो सुईसारखा टोचतो. तीन मिनिटं कसाबसा तग धरला आणि आत आले, आणि लोक सांगत होते की त्यानंतर एकाने शेपटी पूर्ण वर काढली होती.

दुसऱ्या वेळी मी तो घडी करून मुठीत मावणारा पातळ पफर, म्हणजे फुगीर जॅकेट असतं ना, तो कापडी पिशवीत घालून रोज जेवायला घेऊन जायचे आणि खुर्चीखाली ठेवायचे. तुम्ही सप्टेंबरमध्ये जाताय, देवमासे तेव्हाही असतात, फक्त सूर्य पावणेआठच्या आसपास मावळेल, म्हणून जमलं तर लवकरची जेवणाची वेळ घ्या.

---

नकाशा_वही

वरच्या उत्तरात थोडी भर. ‘फॉर्मल’ या शब्दाला घाबरू नका, प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी आहे. प्रिन्सेस अजूनही फॉर्मल नाइट म्हणते. हॉलंड अमेरिका पूर्वी गाला नाइट म्हणायची, आता नुसतं ड्रेसी म्हणते. सेलिब्रिटीने फॉर्मल हा शब्दच काढून ‘इव्हनिंग शिक’ केलं. कार्निव्हलवर ‘क्रूझ एलिगंट’. नॉर्वेजियनवर सक्तीची फॉर्मल नाइट नाहीच, व्हायकिंगवरही नाही. क्यूनार्ड मात्र खरोखर पाळते, गाला संध्याकाळी टक्सेडो किंवा गडद सूट आणि बायकांना गाउन किंवा कॉकटेल ड्रेस, आणि बाकीच्या रात्रीही संध्याकाळी सहानंतर नीटनेटकं. म्हणजे ‘क्रूझवर काय घालू’ असं कोणालाही विचारलं की तो आपापल्या बोटीचं सांगणार. तुमच्या बुकिंगमधलं ड्रेस कोडचं पान शेवटच्या महिन्यात एकदा परत वाचा, हे नियम बदलत असतात.

आणि अलास्काला जाणारी गर्दी एकूणातच साधी राहते. दिवसभर पावसात चिखल तुडवून आलेली माणसं असतात, गरम पाण्याने अंघोळ करून स्वच्छ कपडे घालून येणं हाच बऱ्याच जणांचा समारंभ असतो.

---

निळी_शाई

डेकवरची_खुर्ची, तुमचं उत्तर मी नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांनाही वाचून दाखवलं. वाढदिवसाच्या रात्रीचं वाचून सासूबाई म्हणाल्या, ‘त्यांना सांग, पुढच्या वेळी जाल तेव्हा परत साजरा करा.’

थर्मल रद्द, हे पक्कं. पण आता पुढचे प्रश्न. एक, पायात काय? माझे हिल नेऊ की नको? दोन, नवऱ्याला सूट नेणं भाग आहे का, त्याचं म्हणणं नुसता शर्ट-पँट चालेल. मुलगा टाय म्हटलं की खोलीचं दार लावून घेतो. तीन, सासूबाई. त्यांना आतल्या एसीचाही त्रास होतो, शाल पुरेल असं मला वाटत नाही.

---

खिडकीजवळचा

पुरुषांचं मी सांगतो.

सूट नको. एक गडद ब्लेझर, एक गडद लोकरी पँट, दोन कॉलरचे शर्ट, एक पातळ विणीचा स्वेटर. दोन्ही फॉर्मल रात्री ब्लेझर, एकदा टाय लावून, एकदा न लावता आत स्वेटर घालून. मी तीन क्रूझ याच्यावर काढल्यात, क्यूनार्ड सोडून कुठेही चालेल. ब्लेझर बॅगेत कोंबू नका, विमानात अंगावर घाला, खिसे पासपोर्टला कामी येतात आणि बॅगेतली जागाही वाचते. लोकरी ब्लेझरची एक गंमत अशी की तो चुरगळला तरी रात्रभर हँगरला टांगला की बराचसा आपोआप सरळ होतो. लिनन किंवा कॉटनचा असेल तर मात्र पंचाईत, कारण केबिनमध्ये इस्त्री वापरायला बंदी असते, कपड्यांचा स्टीमरसुद्धा नाही, आगीच्या भीतीने. काही बोटींवर लाँड्रीची खोली असते आणि तिथे इस्त्री मिळते, पण फॉर्मल नाइटच्या दुपारी तिथे रांग लागते. आम्ही कपडे बाथरूममध्ये टांगून गरम पाण्याचा शॉवर सोडतो, दार लावून दहा मिनिटं, सुरकुत्या बऱ्यापैकी जातात.

मुलाला टायची सक्ती करू नका. गडद जीन्स फाटकी नको, वर कॉलरचा शर्ट आणि गोल गळ्याचा साधा स्वेटर, एवढ्यावर माझ्या पोराला कोणी अडवलं नाही. हुडी आणि टोपी मात्र मुख्य डायनिंग रूममध्ये बहुतेक ठिकाणी नको म्हणतात. त्याला एक गोष्ट सांगा, स्वेटर स्वतः निवड म्हणून. माझ्या पोराने स्वतः निवडलेला बाटलीसारख्या हिरव्या रंगाचा स्वेटर सातही रात्री घातला आणि शेवटी तोच आमच्या सगळ्या फोटोंत सगळ्यात छान दिसतोय.

अजून दोन कामाच्या गोष्टी. पहिल्या रात्री फॉर्मल नसतं, कारण बॅगा केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ उलटून जाते. म्हणून पहिल्या रात्रीचा एक स्वच्छ जोड हातातल्या बॅगेत ठेवा, नाहीतर विमानातल्याच कपड्यांत जेवायला जावं लागतं आणि सासूबाईंना ते आवडायचं नाही. शेवटच्या रात्रीही नसतं, कारण त्या रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात, शिवाय तुमची बोट तेव्हा व्हिक्टोरियाला असणार, निम्मे लोक जेवण उरकून गावात जातात. तर त्या दिवशीचे कपडे असे ठेवा की त्याच्यावर रेनकोट घालून सरळ बाहेर पडता येईल.

---

सावकाश_प्रवासी

निळी_शाई, मी तुझ्या सासूबाईंच्याच वयाची, दोन कमी. म्हणून अगं-तुगं करते, चालवून घे.

वय झालं की गारवा कुठून शिरतो ते नीट बघायला लागतं. मला तो मान, मनगटं आणि घोटे या तीन ठिकाणांहून शिरतो, बाकी अंग झाकून काही उपयोग होत नाही. म्हणून मी जेवायला जाताना उंच गळ्याचा पातळ मेरिनोचा टॉप घालते, तो आतला थर्मल नाही बरं, बाहेर दिसेल असा, त्यावर मोत्यांची माळ घातली की फॉर्मल झाला. खाली लोकर मिसळलेली काळी सैल पँट, आत गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे, ते दिसत नाहीत. वर लांब कार्डिगन, पुढून उघडा. कार्डिगन काढला तरी मान आणि मनगटं झाकलेलीच राहतात, आणि गरम झालं तर बाह्या वर सरकवता येतात. शाल सुंदर दिसते पण जेवताना ती खांद्यावरून सारखी घसरते, एक टोक सूपमध्ये जातं, हात मोकळे राहत नाहीत. शालीला ब्रोच लावायचा असेल तर लाव, नाहीतर त्यांना कार्डिगनच दे.

एसीचं म्हणशील तर पहिल्याच रात्री टेबलावर बसल्या बसल्या वर बघ, हवा कुठून येतेय. आमचं टेबल अगदी झरोक्याखाली होतं, माझे डोळे कोरडे पडले आणि मान आखडली. मी दोन रात्री काही बोलले नाही, उगाच कशाला त्रास द्यायचा म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी मान वळेना. मग मुलीने हेड वेटरला सांगितलं, त्याने दुसऱ्या मिनिटाला टेबल बदलून दिलं, वर विचारलं की पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत. तेव्हा तू सांग, त्यांच्या भरवशावर ठेवू नकोस. आमच्या पिढीला सांगायची सवय नाही.

आता पायांचं. हिल नको. मी हे सगळ्या वयाच्या बायकांना सांगते. तुमची बोट सिअ‍ॅटलहून निघणार, त्या बोटी बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने उघड्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या बोटी आतल्या खाडीतून, दोन्ही बाजूंना बेटांचा आडोसा, पाणी शांत. आणि निघाल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण दिवशी बंदर नसतं म्हणून पहिली फॉर्मल नाइट बऱ्याचदा त्याच दिवशी ठेवतात, म्हणजे सगळ्यात जास्त हलते तेव्हाच सगळे नटलेले असतात. आमच्या वेळी जिन्यात एक बाई, माझ्यापेक्षा पुष्कळ तरुण, उंच टाचांवरून घसरली आणि दोन पायऱ्या खाली बसली, लागलं नाही पण चेहरा पांढराफटक पडला. सपाट, बंद, खाली रबर असलेले बूट घ्या, काळे असले की कशावरही जातात. आणि सासूबाईंची पँट जमिनीला टेकेल इतकी लांब नको, कठडा धरायला एक हात मोकळा हवा, म्हणून पर्स खांद्यावर लटकणारी.

---

एकच_बॅग

मी थोडं वेगळं सांगतो. इतका विचार कशाला? फॉर्मल नाइटला मुख्य डायनिंग रूममध्ये जायलाच हवं असं कुठे आहे. वरच्या मजल्यावर बफे असतो, तिथे त्या रात्रीही साधे कपडे चालतात, केबिनमध्येही जेवण मागवता येतं. आम्ही दोन्ही फॉर्मल रात्री वर बफेमध्ये जेवलो, जीन्स आणि फ्लीस, मोठ्या काचा, समोर डोंगर, गर्दी नाही. तेवढी जागा बॅगेत वाचली त्यात मी चांगली दुर्बीण नेली. अलास्काला माणूस बर्फ बघायला जातो, नटायला नाही. ग्लेशियर बेच्या दिवशी तर आम्ही सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून चढले तेव्हापासून जवळजवळ दिवसभर डेकवर होतो, मार्जरी ग्लेशियरसमोर तासभर उभे, बर्फावरून येणारा वारा तोंडावर, संध्याकाळी अंगात त्राण नव्हतं. त्या रात्री कोणी ब्लेझर घाल म्हटलं असतं तर मी उपाशी झोपलो असतो.

---

डेकवरची_खुर्ची

एकच_बॅग, ग्लेशियर बेच्या दिवसाबद्दल तुमचं शंभर टक्के पटलं. निळी_शाई, त्या रात्रीसाठी मऊ, सैल, न बोचणारं काहीतरी ठेवाच. दिवसभर वारा खाऊन चेहऱ्याची त्वचा ताणलेली असते, केसांचं काही करता येत नाही, मी विणीचा सैल ड्रेस आणि टाइट्स घातल्या होत्या आणि केस नुसते बांधले होते. रोजचं वेळापत्रक आदल्या रात्री केबिनमध्ये किंवा अ‍ॅपवर येतं, त्यात त्या दिवशीचा ड्रेस कोड लिहिलेला असतो, तो बघून ठरवा.

पण नटायला जात नाही हे मात्र मला पटत नाही. ज्याला नको त्याने बफेत जावं, त्यात काहीच कमीपणा नाही. पण सासूबाई ७१च्या आहेत. घरातली चार माणसं एकाच वेळी तयार होऊन, एकमेकांची कॉलर नीट करून, एकत्र चालत जेवायला जाणं हे आपल्या रोजच्या आयुष्यात किती वेळा होतं? फॉर्मल नाइटला जिन्यापाशी बोटीचे फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात, फोटो विकत घ्यायलाच हवा असं नाही, पण उभं राहायला काय हरकत आहे. माझ्या आईबरोबरचा माझा शेवटचा चांगला फोटो अशाच एका जिन्यापाशी काढलेला आहे, तिच्या अंगावर राखाडी कार्डिगन आहे आणि खाली वॉटरप्रूफ बूट दिसतायत, कारण तिचे पाय सुजले होते आणि दुसरं काही घालता येत नव्हतं. कोणी काही म्हटलं नाही. तो फोटो माझ्या टेबलावर आहे.

---

एकच_बॅग

तुमचं बरोबर आहे. मी दोघांच्या हिशोबाने बोललो, मोठं माणूस बरोबर असलं की गोष्ट वेगळी. दुर्बीण मात्र न्याच.

---

उत्तररात्र

मी अलास्का नाही, नॉर्वे केलंय, तेही जानेवारीत, ट्रॉम्सोच्या वर. तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, त्यामुळे ‘संध्याकाळचे कपडे’ ही कल्पनाच मोडून पडते, दुपारी तीनला पण रात्रच. आमच्या बोटीवर ड्रेस कोड असा नव्हताच, सगळे स्वेटरमध्ये जेवायचे. तरी माझा अनुभव तुमच्या कामाचा आहे, कारण सप्टेंबरमध्ये खरी रात्र होते म्हणजे अलास्कातही ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो, जूनमध्ये गेलेल्यांना ते नशीब नाही.

तिसऱ्या रात्री आम्ही जेवत असताना स्पीकरवरून सांगितलं, डाव्या बाजूला प्रकाश दिसतोय. सगळे उठले. ज्यांचे कोट तळमजल्यावरच्या केबिनमध्ये होते ते आधी खाली पळाले, लिफ्टपाशी गर्दी, ते वर येईपर्यंत पट्टा फिका झाला होता. तो प्रकाश कधी अर्धा तास टिकतो, कधी चार मिनिटं. माझ्या बायकोने त्या दिवशी गुडघ्याखालचा लोकरी स्कर्ट घातला होता, ती बाहेर गेली ती खुर्चीवरचा कोट उचलून, पायात बूट होतेच, आणि तिने हिरवा पडदा हलताना पूर्ण बघितला. मी मोजे नसलेले लोफर घालून गेलो होतो, डेकवर पातळ बर्फ साचलं होतं, घोटे बधीर झाले, मला मध्येच आत यावं लागलं. तेव्हापासून थंड समुद्रावर रात्रीच्या जेवणाला मी लोकरी मोज्यांशिवाय जात नाही. बाहेर दिसायला सगळं तेच राहतं, पण पाय गरम असले की माणूस बाहेर थांबू शकतो.

अजून एक, केबिनच्या भिंती बहुतेक बोटींवर लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यांना लोहचुंबकाचे हुक चिकटतात. चार हुक न्या. दोन कोट, टोपी, हातमोजे दारापाशी टांगलेले असले की निघताना शोधाशोध होत नाही, आणि दिवसाचे ओले रेनकोट कपाटातल्या चांगल्या कपड्यांना लागत नाहीत. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कपडे ओले होणारच, ते धरूनच चाला.

---

निळी_शाई

मंडळी, काल रात्री जेवण झाल्यावर सगळं पलंगावर मांडलं आणि तुमची उत्तरं समोर ठेवून एकेक उचललं.

मी: काळा लांब ड्रेस (अस्तर आहे, तपासलं), काळ्या टाइट्स, मरून शाल ब्रोच लावून, आणि दुसऱ्या फॉर्मल नाइटला त्यावर मखमली जॅकेट. एक विणीचा सैल ड्रेस ग्लेशियर बेच्या रात्रीसाठी. बाकीच्या रात्री काळी पँट आणि दोन टॉप आलटून पालटून. हिल परत कपाटात गेले. सपाट काळे बूट घातले आणि घरातल्या जिन्यावरून दोनदा वर-खाली करून बघितलं, छान आहेत.

नवरा: ब्लेझर अंगावर नेणार. तो आधी कुरकुरला, मग खिशांची गोष्ट वाचून एकदम तयार झाला.

मुलगा: दुकानात त्याला एकट्याला आत पाठवलं आणि मी बाहेर थांबले. गडद निळा स्वेटर घेऊन आला, कोपरावर छोटे चामड्याचे ठिगळ असलेला. मी कधीच निवडला नसता, पण त्याला इतका शोभतोय की आज घरात पण तोच घालून बसलाय.

सासूबाईंना सावकाश_प्रवासींचं उत्तर मी दोनदा वाचून दाखवलं. मान, मनगटं आणि घोटे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, ‘अगदी हेच मी किती वर्षं सांगतेय.’ आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या सांगत होत्या आणि मी आपली दर वेळी अजून एक स्वेटर देत होते. उंच गळ्याचा पातळ टॉप आणलाय, राखाडी, वर त्यांची मोत्यांची माळ. घालून आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. टेबलाचं मी पहिल्याच रात्री बोलणार.

आता एकच राहिलं. सासूबाईंना लवकर जेवायची सवय आहे, नवऱ्याला उशिरा. लवकरची वेळ साडेपाचची आहे. बंदरातून परत येऊन, अंघोळ करून, चौघांनी एका केबिनच्या एका बाथरूममध्ये तयार होऊन साडेपाचला पोचणं जमतं का हो?

---

सावकाश_प्रवासी

जमतं, पण सासूबाईंना सगळ्यात आधी बाथरूम दे आणि त्यांचे कपडे सकाळी बाहेर पडण्याआधीच हुकला काढून टांगून ठेव. जुनोला बोट रात्री उशिरापर्यंत थांबणार असेल तर त्या दिवशी वेळेचा आग्रह धरू नका, हेड वेटरला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर तो उशिरा बसवून घेतो. आणि अगं, खिडकीचं टेबल माग. पण त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवू नकोस.

---

निळी_शाई

हो ताई. त्यांना खिडकीसमोरच बसवते, आणि पफर त्यांच्याच खुर्चीखाली.